ऑपरेशन बाईचं, सही नवऱ्याची

ग्रामीण रुग्णालयात दुपारी ओपीडी आवरायच्या वेळेला हा संवाद हमखास कानावर पडतो. दोन लेकरांची आई, धाकटं दीड वर्षाचं, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करून घ्यायला आलेली असते. केसपेपर झालेला, रक्त-लघवी तपासून झालेली. मग सिस्टर विचारतात, "मिस्टर कुठंयत?"

"कामावर. चाकणला कंपनीत असतात."

"मग त्यांना घेऊन या ना ताई. सही लागते त्यांची."

बाई परत जाते. नवऱ्याला रजा मिळत नाही. मिळते त्या दिवशी भूलतज्ज्ञ येत नाहीत. मधल्या दोन-तीन महिन्यांत कधीतरी पाळी चुकते, आणि मग ऑपरेशनऐवजी वेगळीच धावपळ सुरू होते. शहरातल्या चकचकीत दवाखान्यातही फार वेगळं घडत नाही. तिथे सिस्टर 'हजबंड' म्हणतात आणि कॉफीचं मशीन असतं, एवढाच फरक.

ही सही इतकी अंगवळणी पडली आहे की ती कायद्यातच लिहिलेली असणार, असं बायकांना, त्यांच्या नवऱ्यांना आणि बऱ्याच डॉक्टरांनाही वाटतं. कायद्यात ती नाही.

नियमात नेमकं काय आहे?

पाळणा लांबवण्याची साधनं, कायमची नसबंदी आणि गर्भपात या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचे नियमही वेगळे आहेत. फक्त नवऱ्याच्या सहीबाबत तिन्हींचं उत्तर एकच येतं.

गोळ्या, निरोध, तांबी म्हणजे कॉपर-टी, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळी: यातल्या कशालाही प्रौढ बाईला दुसऱ्या कोणाची परवानगी लागत नाही. असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी तर औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. (ती गर्भपाताची गोळी नव्हे. दिवस गेलेले असतील तर तिचा काही उपयोग होत नाही. काउंटरवर हा घोळ रोज होतो.)

नसबंदीसाठी वेगळा कायदा नाही, पण केंद्राच्या आरोग्य खात्याने घालून दिलेली मानकं आहेत. बाईचं वय २२ ते ४९ हवं, लग्न झालेलं किंवा पूर्वी झालेलं हवं, किमान एक मूल हवं आणि ते वर्षापेक्षा मोठं हवं, जोडीदाराची नसबंदी आधी झालेली नको. लग्नच करायचं नाही किंवा मूलच नको, असं ठरवलेल्या बाईला ही योजना दारातच थांबवते, आणि माझ्या मते हा स्वतंत्र भांडणाचा विषय आहे. पण त्याच मानकांत हेही स्वच्छ लिहिलं आहे की जोडीदाराच्या संमतीची गरज नाही. हे बाईच्या ऑपरेशनला लागू आहे तसंच पुरुषाच्याही.

गर्भपाताचा कायदा १९७१ चा, २०२१ साली सुधारलेला. त्यात संमती मागितली आहे ती फक्त त्या बाईची. अपवाद दोनच: मुलगी १८ वर्षांखालची असेल, किंवा मानसिक आजारामुळे निर्णय घेऊ शकत नसेल, तर पालकाची लेखी संमती लागते. पूर्वी गर्भनिरोधक फसल्याच्या कारणासाठी कायद्यात 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' असे शब्द होते. २०२१ च्या सुधारणेने तिथे 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आणले. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन डॉक्टरांना बजावलं, की कायद्यात नसलेल्या अटी, म्हणजे घरच्यांची संमती, जादा कागदपत्रं, कोर्टाचा आदेश वगैरे, स्वतःच्या मनाने घालू नका.

मग सही येते कुठून?

एक उगम फॉर्मवरच सापडतो. नसबंदीच्या संमतीपत्रात खाली साक्षीदाराची जागा असते. बाईबरोबर आलेल्या माणसाने तिथे सही करायची. बरोबर येतो तो बहुतेकदा नवरा, म्हणून सहीही त्याचीच होते. अशी शंभर संमतीपत्रं भरली की एकशे एकाव्या वेळी सिस्टरना ती नवऱ्याचीच जागा वाटू लागते, आणि साक्षीदार हळूहळू मालक होऊन बसतो. खरेदीखतावर साक्षीदार सही करतो म्हणून जमीन काही त्याच्या नावावर चढत नाही. इथे मात्र ती चढली आहे. साक्षीदार बहीण असू शकते, शेजारीण असू शकते, मैत्रीण असू शकते.

दुसरा उगम भुलीच्या कागदात आहे. कुठल्याही ऑपरेशनआधी 'नातेवाइकाची सही' घ्यायची पद्धत आहे. पेशंटसोबत कोणी तरी जबाबदार माणूस असावा, रक्त लागलं तर धावपळ करावी, घरी नेऊन सांभाळावं, हा त्यामागचा हेतू. तो रास्तच आहे. पण सोबतीला माणूस असणं आणि त्याने परवानगी देणं या दोन गोष्टी एकाच रकान्यात कोंबल्या गेल्या आहेत.

तिसरा उगम म्हणजे भीती. त्याकडे पुढे येतो.

संमती घेतली, म्हणजे काय केलं?

इथे थोडं थांबायला हवं, कारण नवऱ्याची सही काढून टाकली आणि बाईचा अंगठा घेतला की काम संपलं, असं नाही.

दिल्लीतलं एक प्रकरण आहे, १९९५ सालचं. ४४ वर्षांची अविवाहित बाई पाळीत फार रक्तस्राव होतो म्हणून दवाखान्यात गेली. दुर्बिणीने तपासणी करू, असं ठरलं आणि त्यासाठी तिने सही दिली. तिला भूल दिलेली असताना डॉक्टरांना वाटलं की गर्भाशय काढणंच योग्य. सहायक डॉक्टर बाहेर बसलेल्या आईकडे गेल्या, तिची सही आणली आणि आत गर्भाशय, बीजांडकोश, नलिका सगळं काढलं. बाई शुद्धीवर आली तेव्हा तिचा निर्णय दुसऱ्याच कोणी घेऊन टाकला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २००८ मध्ये निकाल लागला. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. जिवावरचा प्रसंग नसेल तर बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं आणि तिलाच विचारायचं. प्रौढ, सज्ञान बाई असताना तिच्या आईच्या सहीला काही अर्थ नाही. आईच्याही सहीला नाही, तर नवऱ्याच्या सहीचं काय, हे वेगळं सांगायला नको.

त्याच निकालात संमती कशाला म्हणायचं हेही सांगितलं आहे. काय करणार, का करणार, त्याला पर्याय कोणते, धोके कोणते आणि काहीच केलं नाही तर काय होईल, हे पेशंटला समजेल अशा भाषेत सांगायचं आणि मग तिने स्वखुशीने हो म्हणायचं. सही ही या सगळ्याची फक्त पावती.

आता हे अंतरा इंजेक्शनला लावून बघा. या इंजेक्शनने पाळी अनियमित होते, मध्येच डाग पडतात आणि काही महिन्यांनी अनेकींची पाळी थांबते. हे धोक्याचं नाही. पण आधी सांगितलं नसेल तर बाई हादरते. दिवस गेले की काय, अंगात घाण साठली की काय, सासूला काय सांगू. दुसरा डोस चुकवते आणि पुढे वस्तीवर 'त्या इंजेक्शनने वाटोळं होतं' अशी बातमी पसरते. शिवाय शेवटच्या इंजेक्शननंतर मूल राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. सहा महिन्यांनी दुसरं मूल हवं असणाऱ्या बाईला हे आधी कळायला नको? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गर्भनिरोधक वापरणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्के बायकांनी सांगितलं की आपल्याला त्या साधनाचे दुष्परिणाम सांगितले होते. उरलेल्या ३८ टक्क्यांनी सह्या किंवा अंगठे दिलेच असतील.

बाळंतपणानंतर लगेच बसवायच्या तांबीची गोष्ट अशीच. ही चांगली सोय आहे, पुन्हा दवाखान्यात यावं लागत नाही. पण कळा सुरू असताना, घामाने डबडबलेल्या बाईने "हो हो, करा काय ते" म्हटलं तर त्याला संमती म्हणता येत नाही. समजावणं गरोदरपणाच्या तपासणीतच व्हायला हवं, तेव्हा तिला घरी जाऊन विचार करायलाही वेळ मिळतो.

कागद पूर्ण, बाई अंधारात

७ जानेवारी २०१२ च्या रात्री बिहारच्या अररिया जिल्ह्यातल्या एका शाळेत एका सर्जनने दोन तासांत ५३ बायकांची नसबंदी केली. टॉर्चच्या उजेडात, शाळेच्या बाकांवर. यावरून कार्यकर्त्या देविका बिस्वास सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असतानाच नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरच्या शिबिरांनंतर १३ बायका दगावल्या. सप्टेंबर २०१६ च्या निकालात न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरं बंद करायला सांगितली आणि संमतीपत्रातला मजकूर बाईला तिच्या भाषेत समजावून सांगितला पाहिजे, असंही म्हटलं.

अररिया लांब वाटत असेल तर बीडकडे या. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवी काढणं हे गर्भनिरोधन नव्हे. पाळीचा त्रास, पांढरं जाणं, कॅन्सरची घातलेली भीती आणि पाळीमुळे पडणारा कामाचा खाडा अशी सगळी कारणं त्यात गुंतलेली होती. खासगी दवाखान्यांत अशा ऑपरेशनच्या फायली सहसा अपुऱ्या नसतात, बहुधा नवऱ्याच्या सहीसकट असतात. त्या सहीने बाईचं कुठल्या गोष्टीपासून रक्षण केलं?

यावर पुढे उपाय केला तो असा, की जिल्ह्यात पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. तातडीचा उपाय म्हणून मला तो मान्य आहे. पण आजाराची माहिती, औषधांचे पर्याय, पाळीत सुट्टी या गोष्टी बाईपर्यंत पोचण्याआधी आणखी एका माणसाची सही वाढली, हेही खरं.

"पण संसार दोघांचा असतो ना?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मूल हवं की नको हे नवरा-बायकोने बोलून ठरवावं, हे कोण नाकारेल? समुपदेशनाला दोघं आले तर उत्तमच. प्रश्न बोलूनही एकमत झालं नाही तेव्हाचा आहे. गरोदरपण, बाळंतपण, सिझरचे टाके हे सगळं ज्या शरीरात होणार त्याचा शेवटचा शब्द, एवढंच कायदा म्हणतो. आणि चर्चा सक्तीची केली की ज्या घरात चर्चा होऊच शकत नाही तिथल्या बाईची वाट बंद होते. टाकून दिलेली बाई सही कुठून आणणार? नवरा रोज मारतो तिने त्याच्याचकडे कागद घेऊन जायचं?

वकील मंडळी इथे एक निकाल पुढे करतात. २००७ च्या एका घटस्फोटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक क्रूरतेची उदाहरणं दिली. त्यात एक असं आहे की जोडीदाराला न सांगता, वैद्यकीय कारण नसताना नसबंदी किंवा गर्भपात केला तर ती क्रूरता ठरू शकते. (त्या परिच्छेदात पत्नीने 'व्हॅसेक्टमी' केली तर, असं छापलं आहे. ते ऑपरेशन पुरुषाचं असतं.) पण हा निकाल संसार मोडताना कोर्ट काय काय पाहील याबद्दलचा आहे. डॉक्टरने सहीशिवाय ऑपरेशन करू नये, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

डॉक्टरबद्दलचं उत्तर दुसऱ्या प्रकरणात मिळतं. पंजाब-हरियाणातल्या एका नवऱ्याने आपल्या संमतीशिवाय गर्भपात केला म्हणून बायको आणि डॉक्टर, सगळ्यांवर भरपाईचा दावा लावला. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो फेटाळला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याचं अपील ऐकून घेतलं नाही.

डॉक्टरांची बाजू

ती आहे, आणि ती मुख्यतः कायद्याची नाहीच. तालुक्याच्या गावी एकटा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाईंना कोर्टापेक्षा संध्याकाळी दारात उभ्या राहणाऱ्या वीस माणसांची धास्ती जास्त असते. 'आमच्या सुनेचं परस्पर ऑपरेशन केलंच कसं?' तोडफोड झाली की गुन्हा नोंदवता येतो, पण फुटलेली काच आणि गेलेलं नाव भरून येत नाही. नवऱ्याची सही म्हणजे त्यांच्यासाठी स्वस्तातला विमा असतो.

हे समजून घेता येतं. मान्य करता येत नाही, कारण त्या विम्याचा हप्ता पेशंट भरते. डॉक्टरला खरा आधार देते ती सविस्तर नोंद: कोणते पर्याय सांगितले, कोणत्या भाषेत सांगितले, बाईने काय विचारलं, साक्षीदार कोण होतं. आणि एक गोष्ट. बाईने काय करून घेतलं हे तिच्या सासरला सांगणं हा गोपनीयतेचा भंग आहे. गर्भपाताच्या कायद्यात तर त्यासाठी शिक्षाही आहे.

अठराच्या आतल्या मुली

इथे गुंता खराच मोठा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलीच्या संमतीला लैंगिक संबंधांत कायद्याने किंमत नाही, आणि असा गुन्हा कळला तर डॉक्टरला पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. या भीतीने मुली दवाखान्यात यायचं टाळतात आणि भोंदूंकडे जातात. म्हणून २०२२ च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने मधली वाट काढली. मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करायची गरज नाही. हे तालुक्याच्या किती पोलीस ठाण्यांना माहीत आहे, देव जाणे.

प्रेरक, मोबदला आणि आकडे

दबाव फक्त नवऱ्याचाच असतो असं नाही. आकडेवारीची उद्दिष्टं १९९६ मध्ये कागदावरून गेली, पण मार्च जवळ आला की 'केसेस किती झाल्या?' हा प्रश्न आरोग्य केंद्रात आजही विचारला जातो. नसबंदीमागे बाईला बुडालेल्या मजुरीपोटी मोबदला मिळतो आणि तिला घेऊन येणाऱ्या 'प्रेरका'लाही काही रक्कम मिळते. मजुरीची भरपाई योग्यच आहे. पण आशाताईला नसबंदीचे पैसे जास्त आणि निरोधची पाकिटं वाटल्याचे नगण्य मिळत असतील, तर तिच्या सल्ल्याचा काटा कुठे झुकेल हे उघड आहे. दोष आशाताईंचा नाही, हिशोबाचा आहे.

सही करायला आलेला नवरा

तो चाकणहून रजा टाकून येतो, सही करतो, बाहेर बाकावर बसतो. त्याला एक प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही: तुम्हीच का करून घेत नाही?

पुरुष नसबंदी जागेवर भूल देऊन होते, टाका लागत नाही, पंधरा-वीस मिनिटांत आटोपते, पोट उघडावं लागत नाही. त्यानंतर तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्य तपासून खात्री करायची, एवढंच पथ्य. ताकद जात नाही, संबंधात फरक पडत नाही. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात विवाहित बायकांपैकी सुमारे ३८ टक्के जणींची नसबंदी झालेली आहे, आणि नवऱ्याने नसबंदी केलेली जोडपी ०.३ टक्के आहेत.

याला इतिहासही आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या, अनेक जबरदस्तीच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळलं. पुरुषांची संमती तुडवली तेव्हा सरकार पडलं आणि कुटुंब नियोजन हळूच बायकांकडे सरकलं. तेव्हापासून नवरा त्या दवाखान्यात परवानगी द्यायला येतो, पेशंट म्हणून येत नाही.

शाळेत यातलं काय येतं?

फारच थोडं. किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला, पण २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत गदारोळ होऊन तो रोखला गेला. ज्या मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं त्या राज्यातली ही गोष्ट. "मुलं बिघडतील" हा तेव्हाचा आक्षेप आजही तसाच आहे. पण मुलांना मोबाइलवर जे दिसतं त्यात गर्भनिरोधक नसतं आणि कोणी कोणाला विचारतही नाही. आकृती काढून भागांची नावं लिहिण्यापलीकडे, 'मला थोडा वेळ हवा', 'याचे दुष्परिणाम काय', 'नको' ही वाक्यं म्हणायचा सराव वर्गात झाला तर दहा वर्षांनी तीच मुलगी ओपीडीत गप्प उभी राहणार नाही. मुलांनाही 'नको' ऐकून घ्यायचा सराव लागेलच.

सही मागितलीच तर

भांडायला जाऊ नका, विचारा: "हे कुठल्या नियमात आहे? लेखी द्याल का?" बऱ्याच वेळा एवढ्याने काम होतं, कारण लेखी द्यायला कोणी तयार नसतं. साक्षीदार म्हणून ओळखीची बाई बरोबर न्या. सरकारी दवाखान्यात अडवलं तर वैद्यकीय अधीक्षक, मग जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी. खासगी डॉक्टरबद्दल तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते. ऑपरेशन टेबलावर जाईपर्यंत कधीही 'आज नको' म्हणता येतं, आणि तसं म्हटल्याने दवाखान्यातली दुसरी कुठलीही सेवा तुमची बंद करता येत नाही. संमतीपत्राची एक प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. नसबंदीनंतरही पाळी चुकली, तर लगेच त्याच दवाखान्यात दाखवायचं असतं. ऑपरेशन फसल्याची भरपाई मागताना तो कागद लागतो.